भिंतीच्या गुदगुल्या

द्रौपदीचा आवाज भिवंडीच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होता. तिने लेकीला, मनालीला हाक मारली की तिची मनाली तर यायचीच, शिवाय पलीकडच्या गल्लीतली दुसरी एक मनालीही दचकून घरी पळायची. यात द्रौपदीचा तसा काही दोष नव्हता. अंबाडीहून लग्न होऊन आली तेव्हा ती चारचौघींसारखीच बोलायची. पण इथे घराची मागची भिंत म्हणजेच लूमच्या, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या, कारखान्याची भिंत. दिवसपाळी झाली की रातपाळी, मशिनींची खडखड चालूच. नव्या नवलाईत नवरा, धम्मपाल, तिच्यासमोर बसून काहीतरी प्रेमाचं बोलला, तर तिने "काय?" म्हटलं. त्याने पुन्हा सांगितलं, हिचं पुन्हा "काय?" शेवटी बिचारा एवढ्या जोरात बोलला की शेजारच्या दारात तांदूळ निवडणाऱ्या पुतळाबाई हसून हसून बेजार झाल्या. त्या दिवसापासून द्रौपदीने आवाज चढवला, तो पुन्हा काही उतरला नाही.

कामही तसंच मिळालं. कारखान्यातल्या कामगारांची बिशी, म्हणजे खानावळ, गल्लीच्या तोंडाशी होती. तिथे ती चपात्या लाटायची आणि भांड्यांच्या आवाजावर आवाज काढून कामगारांना दटावायची. दोन्ही पोरांना अंगाईही तिने याच आवाजात गायली. साडीची झोळी मागच्या भिंतीतल्या कडीला बांधायची, एका हाताने हलवायची आणि ओरडून गायचं. नवख्या माणसाला वाटावं, ही बाई पोराशी भांडतेय. पण पोरं डाराडूर झोपायची.

धाकट्या सुगतचं फक्त शुक्रवारी बिनसायचं. सकाळपासून किरकिर, झोप नाही, दूध नाही. शनिवारी पुन्हा शहाण्यासारखा. पुतळाबाई म्हणायच्या, "शुक्रवार बाधतो गो याला." धम्मपाल हसून म्हणायचा, "काकी, पोराला पण हप्त्याची सुट्टी पायजे असंल." कारण शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असायची. हे सगळ्यांना माहीत होतं, पण दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायचं कोणाला सुचलं नाही.

मग ती महामारी आली आणि सगळंच बंद झालं. धम्मपाल रुग्णवाहिका चालवायचा, त्यामुळे तो घरी यायचा बंद झाला. घरात तान्हं मूल आहे म्हणून तो इतर ड्रायव्हरांबरोबर एका शाळेच्या वर्गात राहू लागला. आणि भिंतीपलीकडचे लूम थांबले.

शुक्रवारी मशिनी थांबल्या तरी गल्लीत माणसांचा गलबला असायचा; अशी शांतता मात्र गल्लीने जन्मात ऐकली नव्हती. पंखा आवाज करतो, नळ ठिबकतो, शेजारचे म्हातारा-म्हातारी रोज एकाच कारणावरून भांडतात, हे लोकांना तेव्हा कळलं. पहिल्याच सकाळी द्रौपदी नेहमीसारखी "मनाली, दात घास!" म्हणाली, तर समोरच्या घरांतली माणसं काय झालं म्हणून बाहेर आली. ती लाजून अर्धी झाली. मग ती कुजबुजायला शिकली. तेही तिला धड जमेना, कुजबुजताना हातवारे मात्र पहिल्यासारखेच मोठे व्हायचे.

आणि सुगत रडायला लागला. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. जरा डुलकी लागायची की दचकून उठायचा आणि छताकडे बघत टाहो फोडायचा. दात येत असतील म्हणून हिरड्या चोळून झाल्या, पोटावर हिंग लावून झाला. पुतळाबाईंनी स्वतःच्या दारात उभं राहूनच, लांबून, मीठमोहऱ्या ओवाळल्या. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं, पोराला शांतता पाहिजे. मग काय, गल्ली कामालाच लागली. मनालीच्या पायांतली पैंजणं निघाली. कुकर फळीवर गेला आणि भात पातेल्यात शिजू लागला. शेजारच्या म्हाताऱ्यांनी भांडणसुद्धा खुणांवर आणलं. कोणी शिंकलं तरी चार जण "शूऽऽ" करायचे. द्रौपदी तर अंगाईसुद्धा नुसते ओठ हलवून म्हणायची. एवढ्या प्रेमाने एवढी घोडचूक क्वचितच कोणी केली असेल.

पोर सुकत चाललं. आता ते छातीशी घेतलं तरी तोंड फिरवायचं. रडण्यातही दम उरला नव्हता. दुपारी धम्मपालचा फोन आला.

"घेतलं का दूध?"

"न्हाय हो," द्रौपदी कुजबुजली.

"मोठ्यानं बोल, ऐकू येत न्हाय."

"न्हाय घेतलं!" म्हणताना तिला रडू फुटलं.

तो म्हणाला, "थोडा टाइम बघ. मी पुन्हा फोन करतो. न्हाय घेतलं तर गाडी घेऊन येतो, दवाखान्यात न्यायलाच पायजे."

गाडी म्हणजे ती रुग्णवाहिका. त्या गाडीतून कोण कोण गेलं आणि त्यातलं कोण परत आलं नाही, हे धम्मपालने तिला कधी सांगितलं नव्हतं, पण त्याच्या आवाजावरून तिला ते कळायचं. त्याच गाडीत आता त्याने स्वतःचं तान्हं बाळ घालायचं. आणि न घालावं, तर हे असं डोळ्यांदेखत विझताना बघायचं. ती झोळीशेजारी बसली आणि तिला काही म्हणजे काही सुचेना.

मनाली पाच वर्षांची. ती मागच्या भिंतीला गाल लावून उभी होती. हा तिचा जुना खेळ. भिंतीला गाल लावून "आऽऽ" म्हटलं की लूममुळे आवाज थरथरतो आणि गालाला गुदगुल्या होतात.

"आई, भिंत गुदगुल्या का करत न्हाय?"

"मशिनी बंद हायत ना, बाळा."

"म्हणजे आज पण शुक्रवार हाय?" मनालीने विचारलं. "रोज शुक्रवारच येतोय."

द्रौपदीने पोरीकडे बघितलं. मग झोळीकडे. मग झोळीची साडी जिथे बांधली होती त्या भिंतीतल्या कडीकडे. आणि तिला उमगलं. पोटात होता तेव्हापासून या पोराने मशिनींशिवाय एक झोप घेतली नव्हती. ती खडखड भिंतीतून कडीत, कडीतून साडीत आणि साडीतून त्याच्या पाठीत उतरायची. आणि त्या खडखडीच्या वर चढलेला आवाज म्हणजे आई. आता भिंत गप्प आणि आईही गप्प. त्याला वाटलं असेल, सगळेच आपल्याला टाकून गेले. एवढ्याशा जिवात अख्खा कारखाना मावला होता, आणि ती त्याची आई असून तिला पत्ता नव्हता!

ती उठली. वरवंटा उचलला आणि भिंतीवर घातला. धाड! पुतळाबाई तोंडाला पदर लावून दारात धावल्या. "अगो, येड लागलं का तुला? पोर उठंल!"

"उठलेलंच हाय, काकी!"

सुगत रडायचा थांबला. क्षणभरच. भिंतीकडे बघून पुन्हा मुसमुसू लागला. आवाज होता, पण लय ती नव्हती. इतकी वर्षं कानाशी असलेला तो ठेका द्रौपदीच्या हाताला काही केल्या येईना.

तेवढ्यात भिंतीतल्या वरच्या जाळीतून पलीकडून आवाज आला. "कौन है? भाभी? क्या हुआ?"

तो लूमवरचा कामगार मुनव्वर होता. कारखान्याच्या माळ्यावर तो आणि त्याचे साथीदार अडकून पडले होते. गावी जायला गाडी नाही, हाताला काम नाही. तिच्या हातच्या चपात्या त्यांनी पोटभर खाल्ल्या होत्या.

"भैया, बच्चा सोता नहीं!" द्रौपदी बऱ्याच दिवसांनी आपल्या खऱ्या आवाजात ओरडली. "उसको मशीन का आवाज मंगता!"

पलीकडे कोणीतरी हसलं. "भाभी, मशीन चलाएँगे तो पुलिस आएगी."

"मशीन नको! भिंत ठोको! वैसाच ठोको, जैसा मशीन ठोकता है!"

पलीकडे कुजबुज झाली. मग काहीतरी फरफटत आणल्याचा आवाज आला. आणि भिंतीवर लाकडी दांड्याचा पहिला ठोका पडला. त्याच्या मागोमाग दुसऱ्या माणसाचा. मग तिसऱ्याचा. आधी एकमेकांना चुकवत, आणि मग एकदम जुळून आले. आयुष्य लूमपुढे उभं राहून काढलेली माणसं ती, त्यांना तो ठेका आठवावा लागला नाही. कडी थरथरली. साडी थरथरली. द्रौपदीने झोळीला हात लावला आणि जगातलं सगळं बळ एकवटून अंगाई गायला लागली, घसा फाडून, पहिल्यासारखी.

सुगतने तिच्याकडे बघितलं. किती दिवसांनी आई सापडली, असं बघितलं. तिने त्याला झोळीतून उचलून भिंतीला पाठ टेकली आणि छातीशी धरलं. तो दूध प्यायला लागला. मध्येच हुंदका देत होता, पण पीत होता. पिता पिताच त्याचे डोळे मिटले.

गल्लीत माणसं दारांशी येऊन उभी राहिली. कोणी कोणाला "शूऽऽ" केलं नाही. पुतळाबाईंनी आपल्या भिंतीवर हात ठेवला आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. मनाली भिंतीला गाल लावून खुदखुदत होती.

फोन वाजला. द्रौपदीने एका हाताने तो कानाला लावला.

"निघू का गं मी?" धम्मपालने विचारलं. मग तो थबकला. फोनमधून त्याला ठोक्यांचा ठेका ऐकू आला होता. "कारखाने चालू झाले?"

"न्हाय हो!" ती ओरडली. "मशिनी बंदच हायत! माणसं हायत!"

"आणि सुगत?"

तिने फोन पोराच्या तोंडाशी नेला. ठोक्यांच्या त्या गदारोळात चुटूचुटू दूध पिण्याचा आवाज त्याला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पण त्याला कळलं, आणि तो गाडीतून उतरून दार धाडकन लावल्याचा आवाज पलीकडून आला.

"मग मी येत न्हाय," धम्मपाल म्हणाला. रडत होता. "तू गा."