मी मोठ्यानं वाचलेली ओळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, साहेबांना नाही. आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही — एवढंच सोयीचं कारण आहे.

लोणावळ्यात जुन्या हायवेला लागून आमचं छोटं ऑफिस आहे. कारखान्यातल्या यंत्रांना टचस्क्रीनची पॅनेलं असतात, त्यांच्यावर चालणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. एकदा लिहिलं की ते विंडोजवर, लिनक्सवर, पॅनेलवर, सगळीकडं चालावं म्हणून त्याच्या खाली एक फ्रेमवर्क लागतं. ते तयार मिळतं. पण तळेगावकडच्या एका कारखान्याची पॅनेलं इतकी जुनी होती की तयार माल त्यांच्यावर सुरूच होईना. मग एकच उपाय — त्या फ्रेमवर्कचा सगळा सोर्स कोड उतरवून घ्यायचा आणि आपल्या हातानं बिल्ड करायचा, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम बांधून काढायचा.

हे काम माझं. म्हणजे — माझंच असायला हवं होतं. सतरा वर्षांचा अनुभव, पुण्याची डिग्री, बोलण्यात तोरा. तीन आठवडे झटलो. रोज कुठंतरी अडायचं.

सारिकानं ते पाच दिवसांत करत आणलं.

सारिका वलवणची. घरी भातशेती, शिक्षण डिप्लोमापर्यंत, ऑफिसात येऊन जेमतेम वर्ष झालेलं. मला भाऊ म्हणायची. एरर आला की मी चिडायचो, ती शांतपणे खालून वर वाचत जायची. साहेब तिला माझ्यासमोर म्हणाले, "पॅनेलवर चाललं की हे काम कायमचं तुझ्याकडं. नोकरीही पक्की." मी टाळ्या वाजवल्या. आणि पोटात? मत्सर हा शब्द फार सोवळा आहे हो. मी जळत होतो. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ना, तसं झालं — तिचं हसणं खुपायचं, डब्यातली भाकरी सगळ्यांना वाटणं खुपायचं, आणि ते 'लय सोपंय, भाऊ' तर फारच. सोपं? मग मी तीन आठवडे काय करत होतो?

आता आमची एक पद्धत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. बिल्डच्या आधी संगणक सगळी तपासणी करतो आणि पडद्यावर लांबलचक यादी देतो. हे सापडलं, यस. ते नाही सापडलं, नो. नो असलं तरी तो थांबत नाही, तेवढा भाग गाळून मुकाट्यानं पुढं जातो. म्हणून ती यादी दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायची आणि ज्याचा बिल्ड त्यानं कागदावर खुणा करायच्या. स्वतःचं स्वतः वाचलं की माणूस हवं तेच वाचतो. हा नियम कुणी घातला होता? मीच.

सोमवारची सकाळ होती. शनिवार-रविवारी पाहुण्यांच्या गर्दीत लाइट कधी जाईल भरवसा नाही, म्हणून मोठे बिल्ड आम्ही सोमवारीच लावायचो. सारिका कागद घेऊन बसली, पाठ पडद्याकडं. मी वाचायला लागलो. यस. "व्हय." यस. "व्हय." प्रत्येक ओळीला एक खूण.

मग टचची ओळ आली. पडद्यावर होतं — नो.

मी थांबलो. किती वेळ? चहाचा एक घोट घेण्याइतका. त्याच ओळीवर मी स्वतः आधी आपटलो होतो. टचला लागणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडची फाईल, चुकीच्या जागी पडली होती; दोन मिनिटांचं काम. ऑफिसात आम्ही माऊसनंच तपासायचो, कारण पॅनेल फक्त कारखान्यात. म्हणजे कळलं तर तिथंच कळणार, सगळ्यांसमोर. हे सगळं मला त्या एका घोटात सुचलं. म्हणून अजाणता झालं असं मी म्हणूच शकत नाही.

मी वाचलं, "टच — यस."

"व्हय," ती म्हणाली.

दोन दिवसांनी कारखान्यात साहेब, तिथले मॅनेजर, चार-पाच कामगार, आणि मीही. मी मुद्दाम गेलो होतो. पॅनेल सुरू झालं, चित्र सुरेख उमटलं. सारिकानं बटणावर बोट ठेवलं. काही नाही. पुन्हा ठेवलं. ओढणीला बोट पुसून पुन्हा. एक कामगार म्हणाला, "ताई, नुसता फोटूच लावलाय का काय?" सगळे हसले. साहेब खाली बघायला लागले. आणि मला — आता लपवून काय करू — मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

परत आल्यावर मी म्हणालो, सगळं पुसून नव्यानं लावू या. त्या फोल्डरमध्ये यादीची फाईलही होती. ती मी तिच्या डोळ्यांदेखत पुसली, मदत करतोय असं दाखवून. चार दिवसांत पॅनेल बोटाला दाद द्यायला लागलं आणि काम माझं झालं.

ती तो कागद घेऊन माझ्याकडं आली. टचसमोर तिच्याच हातची खूण. "भाऊ, तुमी नो वाचलं आसंल. माजंच ध्यान ऱ्हायलं न्हाई."

तेव्हा बोलता आलं नसतं का? आलं असतं. मी म्हणालो, "होतं असं कधीकधी."

त्यानंतर ती प्रत्येक गोष्ट चार-चार वेळा तपासायला लागली. तासाचं काम दिवसभर पुरायचं. साहेब वैतागले. दिवाळीच्या आत तिनं नोकरी सोडली.

गेल्या महिन्यात पाहुण्यांसाठी खोली बघायला खंडाळ्याच्या एका हॉटेलात गेलो, तर काउंटरवर सारिका. येणाऱ्यांची नावं संगणकात भरत होती. मला बघून उठलीच. शेजारच्या मुलीला म्हणाली, "हे आमचे भाऊ. माज्या एका चुकीपायी यांना लय निस्तरावं लागलं. पन कदी एका शब्दानं बोलले न्हाईत."

ती मुलगी माझ्याकडं आदरानं बघायला लागली. मी काय केलं? हसलो. "जाऊ दे गं, माणूस चुकतोच," म्हणालो.

तिनं न केलेल्या चुकीची मी तिला माफी देऊन आलो.