दासगावच्या खाडीतली शेवटची बोट

चूक माझी होती, हनीफची नव्हती. आमच्या कॉलेजात आणि दासगावच्या धक्क्यावर आजवर सगळे उलटं समजत आले. तो गैरसमज मला सोयीचा होता, म्हणून मी तो कधी दूर केला नाही. हनीफबद्दल काहीही लिहिण्याआधी एवढं सांगणं भाग आहे.

तो गेल्याचं त्याच्या मुलाने फोनवर कळवलं. पहाटेची नमाज पढून हनीफ घरी आला, अंगणातल्या खुर्चीत बसला, चहा मागितला… आणि चहा येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी महाडहून दासगावला पोहोचलो तेव्हा ओटीवर माणसं मावत नव्हती. हनीफच्या पत्नी नसीमभाभी मला बघून एवढंच म्हणाल्या, “भाऊ, काल रात्री तुमचंच नाव काढत होते. रविवारी संज्याकडे जायचंय म्हणाले.” दफनाच्या वेळी मी मूठभर माती दिली. जे सांगायचं होतं ते मुठीतच राहिलं.

हनीफ आमच्या कॉलेजात भूगोल शिकवायचा, मी क्रीडा विभाग सांभाळायचो. वीसेक वर्षं आम्ही एका स्कूटरवरून फिरलो आणि एका डब्यात जेवलो. वर्गात शिरला की हजेरीआधी त्याचा पहिला प्रश्न, “आज पाणी कुठं हाय?” म्हणजे खाडीला भरती आहे की सुकती, म्हणजे ओहोटी. शहरातली मुलं गोंधळून खिडकीबाहेर बघायची. मग तो म्हणायचा, “बाहेर काय बघतोस? बाहेर रिक्षा स्टँड हाय. डोकं चालव.” नौकानयनाचा संघ काढायची कल्पनाही त्याचीच. दुसऱ्या एका कॉलेजने मोडीत काढलेल्या बोटी आणून आम्ही त्यांची डागडुजी केली. क्रीडा शिक्षक मी होतो, पण रोज सकाळी पाण्याकाठी उभा राहणारा तो असायचा. चार विद्यार्थिनींच्या त्या संघात सुवर्णा सगळ्यांत पुढे. पोलादपूरच्या वरच्या अंगाची, डोहात पोहायला शिकलेली, खांद्यांनी भक्कम. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर खेळाडूंच्या कोट्यातून पोलीस भरतीला उतरायचं, हे तिने ठरवलं होतं. घरच्यांनी तिला ते एकच वर्ष दिलं होतं. नाहीतर लग्न.

त्या वर्षी करोनामुळे स्पर्धा होणार की नाही याचाच पत्ता नव्हता. पहिली लाट ओसरल्यावर कशीबशी परवानगी मिळाली आणि यजमानपद आमच्याकडे आलं, स्पर्धेचा सचिव मी. अटी अशा की काठावर गर्दी नको, प्रेक्षक नकोत, प्रत्येकाचा चाचणीचा अहवाल हवा आणि सगळ्या बोटी एकत्र सोडायच्या नाहीत. एकेक बोट वेगळी सोडायची, वेळ मोजायची, सगळ्यांत कमी वेळ लागेल तो संघ पहिला. तलावात हे चालून जातं. पण आमची खाडी भरतीला महाडकडे वाहते आणि सुकतीला समुद्राकडे, आणि शर्यत महाडच्या दिशेने होती. हनीफने पंचांग आणि पाणी दोन्ही बघून सकाळची वेळ काढून दिली, सगळ्या बोटी भरतीच्या पाण्यातच निघून जातील अशी. बोटींचा क्रम मात्र मी लावला. आमच्याकडे पाहुण्यांच्या आधी घरचं माणूस पानावर बसत नाही. मीही तसंच केलं, पाहुणे संघ आधी आणि आमच्या मुली शेवटी. मला त्यात मोठेपणा वाटला होता.

आमच्या आधीच्या पाहुण्या संघाकडे अहवालच नव्हते. त्यांची चाचणी करायला माणूस महाडहून यायचा होता. आमच्या मुली बोटीत बसून तयार होत्या. हनीफ माझ्याजवळ आला आणि मास्कच्या आतून हळूच म्हणाला, “संज्या, पाणी थांबत आलंय, आता सुकती लागेल. यांचं होईपर्यंत आपल्या पोरी सोडून दे.”

मी म्हणालो, “क्रम बदलला तर पक्षपात म्हणतील.”

“म्हणू देत की. पाणी काय कुणाची वाट बघतं?”

“हनीफ, सचिव मी आहे.”

हे वाक्य मी मोठ्याने बोललो, चार माणसांना ऐकू जाईल असं. तो मुलींच्या बोटीकडे परत गेला. अहवाल आले, पाहुण्यांची बोट गेली, आणि आमची बोट सुटेपर्यंत काठाजवळच्या पाण्यातला पालापाचोळा उलट्या दिशेने जायला लागला होता. त्या चौघींनी मारलेली वल्ही मला अजून दिसतात. ओरडायला बंदी होती, म्हणून हनीफ काठाने नुसता धावत होता, चिखलात, चपला हातात घेऊन… मुलींचा दुसरा नंबर आला. निवड पहिल्याच संघाची व्हायची होती.

काठाला लागल्यावर सुवर्णा बोटीतून उतरली नाही. धापा टाकत तिने विचारलं, “पाणी उलटं होतं. आम्हाला शेवटी कोणी ठेवलं?” मी तिथेच उभा होतो. माझ्या शर्टावर सचिवाचा बिल्ला होता. मी काही बोलायच्या आत हनीफ म्हणाला, “मी मागून घेतला शेवटचा नंबर. मला वाटलं तोवर भरती टिकेल. माझा अंदाज चुकला गो.” ती त्याच्याकडे बघत राहिली. मग वल्हं चिखलात टाकून निघून गेली. मी खाली बघत उभा राहिलो.

परत येताना स्कूटरवर मी विचारलं, हे कशाला केलंस. तो मागून म्हणाला, “पोरी पुढच्या वर्षी तुझ्या हाताखाली खेळणार. मास्तरवरचा भरवसा गेला तर वल्हं कोण मारील? माझं काय, मला फार तर म्हणतील, भूगोल कच्चा हाय.” आणि स्वतःच हसला. पुढचं वर्ष आलंच नाही. त्याच वर्षीच्या पावसाळ्यातल्या महापुरात बोटींची शेड गेली, बोटी गेल्या. त्या दिवसांत गावात एवढं काही गेलं होतं की बोटींचं नाव काढायची लाज वाटावी. सुवर्णाचं लग्न झालं. नंतर एकदा पोलादपूरच्या स्टँडवर ती हनीफला दिसली आणि तोंड फिरवून गेली. त्याने मला ते हसत सांगितलं, पण त्या दिवशी तो डबा अर्धाच जेवला. मी तेव्हाही बोललो नाही. उद्या सांगू, म्हणत राहिलो.

कॉलेजातल्या शोकसभेत एका सहकाऱ्याने भाषणात तोच प्रसंग सांगितला. विद्यार्थ्यांसमोर स्वतःची चूक कबूल करणारा शिक्षक कसा विरळा असतो, वगैरे. सगळ्यांनी माना हलवल्या. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. मीही मान हलवली… आणि त्या हललेल्या मानेने मला पुढे कितीतरी रात्री झोपू दिलं नाही.

शेवटी मी पोलादपूरला गेलो. महाबळेश्वरच्या फाट्यापाशी सुवर्णा आणि तिचा नवरा चहा-भजीचं हॉटेल चालवतात. तिने ओळखलं, फडक्याने बाक पुसला, चहा ठेवला. “हनीफ सरांचं ऐकलं,” ती म्हणाली. “मातीला यायला पायच उचलला नाय. खोटं कशाला बोलू?”

मी सगळं सांगितलं. क्रम, अहवाल, हनीफ काय म्हणाला, मी काय म्हणालो. ती कांदा कापत होती, ती थांबली.

“तुम्ही तर तिथंच उभे होता, सर.”

“होतो.”

“मग बोलला का नाय?”

“तुम्ही चौघी मला काय म्हणाल याची भीती वाटली. नंतर बोलायची लाज वाटली. सुवर्णा, मला माफ कर.”

कढईतली भजी करपायला लागली तशी नवऱ्याने पुढे होऊन ती काढली. मग पदराने डोळे पुसून ती म्हणाली, “सरांना मी स्टँडवर ओळख दाखवली नाय. आता ते कुणाला सांगू मी?” तिने हात धुतले, मोबाइल काढला, नंबर लावला आणि माझ्यासमोर धरला. “मनीषा हाय. मग वैशाली, मग रुबिना. तिघींना सांगायचं. मला सांगितलंत तसंच, काय गाळायचं नाय.”

पलीकडून आवाज आला, “हां गो, बोल.”

मी बाकावरून उठून उभा राहिलो. “मनीषा, मी बोलतोय, कॉलेजातले खेळाचे सर. हनीफ सरांनी तुम्हाला शेवटचा नंबर दिला नव्हता. मी दिला होता. मला माफ कर.”