बाईंच्या गाडीचा हीटर

हे मी अजून कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, देवापाशी नाही — म्हणजे देवाला ठाऊक असेल, तो भाग वेगळा. तुम्हाला सांगतो. पण आधी थोडी फुशारकी ऐकून घ्यावी लागेल, कारण ती मला आवरत नाही.

पोलादपुरात, महाबळेश्वरचा घाट सुरू व्हायच्या अलीकडे माझं गॅरेज आहे. आज या भागात हायब्रिड गाडी अडली, की माणसं माझंच नाव घेतात. पेट्रोलचं इंजिन आणि बॅटरीची मोटर एकाच बॉनेटखाली — भलेभले हात लावायला घाबरतात. मी नाही घाबरत. आणि हे नाव कशामुळे झालं? एका हीटरमुळे.

हसलात ना? कोकणात हीटर! अहो, मे महिन्यात इथे बॉनेटवर भाकरी भाजून निघेल. पण गाडी होती बाईंची. बाई म्हणजे इथल्याच कापडे गावच्या, शाळेत मला गणित शिकवलेल्या. त्यांच्या यजमानांना, सरांना, अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला. त्यांना घेऊन बाई दर आठवड्याला घाट चढून वाईला उपचाराला जायच्या, स्वतः गाडी चालवत. तीन-चार हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. हीटर लावला की थंड वारा यायचा. काचेवर धुकं धरायचं ते वेगळंच. बाई म्हणाल्या, "दिनेश, वर पोचेपर्यंत ह्यांचा हात लाकडासारखा होतो रे. बघ काय ते."

आणि मी बघितलं! काय बघितलं म्हणून सांगू! पंखा ठीक. हीटरला ऊब मिळते ती इंजिनाच्या गरम पाण्याची — तर पाणी पुरेपूर. या गाडीत पाणी फिरवणारा पंप विजेवर चालतो. पाइपावर हात ठेवून बसलो, पंपही चालू. आत अडकलेली हवा काढली. फरक शून्य. दुसरा कुणी असता तर इथेच हात टेकून म्हणाला असता, हीटर बदला. मी काय केलं? स्कॅनर जोडला, बाईंना म्हटलं चला घाटात, आणि शेजारी बसून इंजिनाच्या तापमानाचा आकडा बघत राहिलो. चढावर आकडा जरा वर जायचा. सपाटीला इंजिन थांबलं, मोटर लागली, की धाडकन खाली. मग ऊब आणायला इंजिन पुन्हा सुरू. बाई ॲव्हरेज घटल्याचंही म्हणत होत्या, ते का हेही त्यातच कळलं. इंजिन तापतच नव्हतं! म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिन गरम होईस्तोवर पाणी अडवून धरणारी एवढीशी झडप, ती उघडीच राहिली असणार. मी गाडीतच टाळी वाजवली. बाई म्हणाल्या, "शाब्बास!" शाळेत असताना हा शब्द माझ्या वाट्याला कधी आला नव्हता.

गॅरेजला परतलो आणि थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं. आत थर्मोस्टॅट नव्हताच. जागा रिकामी.

आता — आता जरा थांबत थांबत सांगतो. आमच्याकडची एक रीत आहे. घाटाच्या पायथ्याची आम्ही माणसं. जुन्या जीपा, टेम्पो चढावर उकळायचे, म्हणून गाडी हातात आली की थर्मोस्टॅट काढून फेकायचा. पाणी फिरत राहतं, गाडी तापत नाही. माझ्या उस्तादानं हेच शिकवलं, त्याला त्याच्या उस्तादानं. गिऱ्हाइकाला कुणी सांगतही नाही. जुन्या गाडीला ते चालून जायचं. हायब्रिडला कसं चालेल? तिचं इंजिन मुळात सारखं थांबणारं.

झाकणाचा एक बोल्ट त्या गाडीचा नव्हता. जीपचा होता. आणि तो — मी बसवला होता. उन्हाळ्यात बाईंच्या गाडीचा पाण्याचा पाइप गळत होता. मी पाइप बदलला, आणि हाताच्या सवयीनं थर्मोस्टॅटही काढला. विसरूनही गेलो. काखेत कळसा अन् गावाला वळसा — म्हण ऐकली होती, त्या दिवशी अंगावर आली.

मग सांगून टाकायचं, हसायचं, नवीन बसवायचा. एवढंच तर होतं. पण बाई शेजारी उभ्या. तोंडावर ती शाब्बासकी अजून तशीच. म्हणाल्या, "कुणी काढला असेल रे?" आणि मग स्वतःच म्हणाल्या, "पावसाळ्यानंतर महाडला अन्वरकडे पाणी बदललं होतं."

मी हात पुसले. म्हणालो, "असेल."

पाणी बदलायला ते झाकण उघडावं लागत नाही. मला माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. नवीन थर्मोस्टॅट बसवला तेव्हा तो जीपचा बोल्टही मी काढून टाकला. चांगला घट्ट बसत होता, बदलायची काही गरज नव्हती.

अन्वर कोण, हेही ऐका. मस्कतला अशाच गाड्यांवर वर्षानुवर्षं काम करून आलेला, महाडला गॅरेज टाकलेला माझा दोस्त. हायब्रिडच्या नारिंगी वायरीला, म्हणजे बॅटरीचा जीवघेणा करंट वाहणाऱ्या वायरीला, कधी हात लावायचा, कधी नाही, हे मला त्यानं शिकवलं. हातचं काही राखलं नाही. आणि बाईंचा शब्द म्हणजे आमच्याकडे काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी कौतुकानं माझी गोष्ट चार घरी सांगितली, तिच्यात अन्वरचंही नाव गेलं. लोकांनी पुढचं स्वतः जोडलं — मस्कतवाला पार्ट काढून घेतो. चोर! त्याच्याकडच्या हायब्रिड एकेक करून माझ्या दारात आल्या. मी बोर्डही नवा रंगवून घेतला.

तो भांडला असता तर? भांडायला यावा असं मला वाटायचं, खरंच. पण त्यानंही आयुष्यात कितीतरी थर्मोस्टॅट काढलेले. बाईंच्या गाडीचं त्याला आठवेना. आठवेना म्हणून त्यानं गुन्हा स्वतःवर घेतला. कापड्याला जाऊन सरांपुढे हात जोडून आला. मग माझ्याकडे आला, स्टुलावर बसला.

"दिनू, सवयीनं हात गेला आसंल रे माजा. चोरी नाय केली मी, पन काडला आसंल. तू शोदलंस म्हनून बरं. नायतर सरांचा हात..." डोळे भरले होते. "हायब्रिड आता तूच बघ. माजा माज्यावर भरवसा नाय ऱ्हायला."

निदान माझं अचूक होतं. घाटात, धावत्या गाडीत, आकड्यावरून काढलेलं निदान — त्याचा अभिमान मला आजही आहे, खोटं कशाला बोलू?

अन्वर मान खाली घालून बसला होता. मी चहा मागवला. त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ दे रे. चुकतो माणूस."

मी त्याला माफ केलं.