लाल दोऱ्याच्या अलीकडे

बापूकाकांना फोनची गरजच नाही, कोल्हापुरातून बोलले तरी मलकापुरात ऐकू येतं, अशी चेष्टा आम्ही घरात कायम करायचो. म्हणूनच गेल्या महिन्यात सकाळी फोनवर त्यांचा आवाज नीट ऐकू येईना, तेव्हाच मी काय ते ओळखलं. "तुजी मावशी गेली गं..." एवढंच ते म्हणाले. एसटीत मी रडले नाही. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरात शिरले, समोरच्या खोलीतलं पुस्तकांचं कपाट उघडं दिसलं, आणि मग मात्र आवरेना.

हौसामावशी ही माझ्या आईची धाकटी बहीण, बापूकाकांची बायको. कॉलेजसाठी मी मलकापूरहून तिच्याकडे राहायला आले आणि पदवीपेक्षा प्रेमकथाच जास्त शिकले. गल्लीतल्या बायका तिच्या कपाटातून कादंबऱ्या वाचायला न्यायच्या. पण काही जणी शेवटचं पान आधी वाचून दुसऱ्या दिवशी नळावर सगळ्यांना सांगून मोकळ्या होत. त्यावर मावशीने तोडगा काढला. प्रत्येक कादंबरीचं शेवटचं प्रकरण तिने लाल दोऱ्याने कच्चा टाका घालून शिवून टाकलं. दोऱ्यापर्यंत वाचायचं, मग पुस्तक घेऊन मावशीकडे यायचं. ती चहा टाकायची आणि विचारायची, "काय हुईल असं वाटतंय?" वाचणारीने आपल्या मनातला शेवट सांगितला, की मगच ती छोट्या कात्रीने दोरा कापून द्यायची. पुस्तक परत आलं की पुन्हा शिवायची. कितीतरी बायकांच्या मनातलं तिला त्या एका प्रश्नावर कळलेलं होतं, आणि ते तिने कधी नळावर नेलं नाही.

त्या कपाटात एक कादंबरी तिची सगळ्यात लाडकी होती. गावात बदलून आलेली शाळामास्तरीण आणि गुऱ्हाळवाल्याचा मुलगा, एवढीच गोष्ट. तो शेवटपर्यंत तोंड उघडत नाही. वाट बघून ती बदली मागून घेते, एसटीत बसते, आणि तो स्टँडवर चहाचा कप धरून तसाच बसून राहतो. या कादंबरीवर पुढे सिनेमा निघाला. सिनेमात तो धावत जाऊन गाडी अडवतो, दोघांचं लग्न होतं आणि जोतिबाच्या डोंगरावर गुलालाच्या ढगात गोष्ट संपते. आता गंमत अशी, की त्या गुलालाच्या गर्दीत बापूकाका आहेत! स्वतःच्या लग्नाआधी मित्रांबरोबर शूटिंग बघायला गेले होते, कुणीतरी डोक्याला फेटा बांधला आणि उभं केलं. काकांच्या लेखी त्यामुळे सिनेमा श्रेष्ठ ठरला, तो कायमचा.

या घरात जेवणं थंड झाली ती या भांडणापायी. कादंबरीतली नायिका सावळी, एक दात किंचित पुढे. सिनेमातली दुधात धुतल्यासारखी. कादंबरीत तो तिला काकवीची बाटली देतो, सिनेमात तिथे गाणं आहे. मावशी उसळून म्हणायची, "दोन पानं त्यो नुस्ता बाटलीचं बूच पुसतोय, तवा कळतंय त्याच्या मनात काय हाय ते. ह्यास्नी लगीच नाचायचं!" काका म्हणायचे, "आगं, बूच पुसताना बघाय कोण तिकीट काढंल?" मला विचाराल, तर दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. सिनेमात निघताना ट्रंकेला दोरी बांधते तेव्हा नायिकेची बांगडी दोरीत अडकते आणि ती क्षणभर थांबते, हे कादंबरीत नाहीच. मी ते एकदा मावशीला बोलून दाखवलं. इकडे तिकडे बघत ती म्हणाली, "तेवढं जमलंय त्यास्नी. पर ह्यांना सांगू नगंस."

सिनेमाचा शेवट मात्र तिने कधीच बघितला नाही. थिएटरात तो धावायला लागला, की ही उठून बाहेर शेंगा खात उभी. पुढे टीव्हीवर सिनेमा लागायचा तेव्हा नेमकी त्याच वेळी स्वयंपाकघरात जायची. काका हाका मारायचे, "हौसा, ये की गं, मी आलोय!" आतून उत्तर यायचं, "रोज बघतेच की तुमास्नी." काका हसायचे, पण त्यांचं तोंड उतरायचं. बायकोने आपल्याला एकदा तरी त्या फेट्यात बघावं, एवढीच त्या माणसाची हौस होती. आणि तेही कमी हट्टी नव्हते. तिची कादंबरी त्यांनी कधी हातात घेतली नाही. "रडका शेवट मला म्हाईत हाय," म्हणायचे.

पुढे मावशी आजारी पडली. आजार वाढला तेव्हा मी तिला भेटायला गेले, तीच शेवटची भेट. दुपारी अंथरुणावर उठून बसली आणि आपण होऊन म्हणाली, "लाव गं त्यो शिनिमाचा शेवट." काका पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थबकले. मी मोबाइलवर लावला. गुलाल उधळला, गर्दी नाचली, आणि डोळ्यांवर फेटा उतरलेला एक सडपातळ पोरगा दिसला. तिने पुन्हा मागे घ्यायला लावलं. मोबाइल डोळ्यांजवळ धरला... "शेवट खोटाच हाय," ती म्हणाली. मग काकांकडे बघून हसली. "पर काय देखणं होतासा ओ तुमी." काकांनी टॉवेलात तोंड खुपसलं. तशी ती म्हणाली, "आता पाळी तुमची. माजं पुस्तक वाचायचं. शेवटापातूर." काका म्हणाले, "वाचतो की."

गेल्या आठवड्यात मी पुन्हा गेले. काका खिडकीशी चष्मा लावून बसले होते आणि मांडीवर तीच कादंबरी होती. "वाचालोय," ते म्हणाले. "बूच पुसायची दोन पानं... बरी हायत गं." पुस्तक लाल दोऱ्यापर्यंत येऊन थांबलं होतं. टाके तिच्याच हातचे, सरळ आणि जवळ जवळ. मी डब्यातून छोटी कात्री आणून पुढे केली. त्यांनी हात मागे घेतला.

"आशी न्हाय कापायची. आदी इचारायचं असतंय."

मी चहा टाकला. कप त्यांच्यासमोर ठेवला, तिच्या जागेवर बसले आणि विचारलं, "काका, काय होईल असं वाटतंय?"

मास्तरीण गाडीत बसून निघून जाते, हे उभा जन्म मावशीशी भांडून त्यांना पाठ होतं. तरी ते बराच वेळ दोऱ्यावरून बोट फिरवत राहिले. मग आमच्या बापूकाकांच्या मानाने फारच हळू आवाजात म्हणाले,

"परत यील ती."

मी कात्री डब्यात ठेवून दिली.