पैकूजींकडची किल्ली

पैकूजी भोयर जंगलनाक्यावर पाणी पीत नसत. उन्हाळ्यात बैलबंडीबरोबर चार कोस पायी आले, तरी नाक्यावरच्या माठाकडे बघत नसत. खांद्याला अडकवलेला वाळक्या भोपळ्याचा तुंबा काढत, दोन घोट घेत आणि बूच लावत. एकदा नाकेदार चिडला आणि माठात काय विष घातलंय का, असं त्यानं विचारलं. पैकूजी शांतपणे म्हणाले, "नाई जी, तुमचं पानी गोड हाये. म्हूनच भेव वाट्टे. आज पानी पेलो तर उद्या तुमाले चाय पाजा लागते. अन् परवा चायसंग अजून काई न्या लागते."

हे मी स्वतः ऐकलं आहे. माझे वडील पैकूजींच्या लाकडाच्या बंड्या हाकत असत, आणि सुट्टीत मीही कधी कधी बरोबर जाई. ज्यांनी पैकूजींना पाहिलं नाही त्यांना ते कसे होते हे मला नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. ते मोठे कोणी नव्हते. आमच्या चांदा जिल्ह्यात सागवानाचे मोठे ठेकेदार होते, त्यांच्या मोटारी होत्या, मूल गावात तांदळाच्या गिरण्या होत्या. पैकूजी कुऱ्हाड चालवता चालवता ठेकेदार झालेले. जंगलखातं तोडीसाठी जंगलाचे तुकडे आखून देई, त्यांना कूप म्हणत. पैकूजींच्या वाट्याला नेहमी सर्वांत लहान आणि सर्वांत दूरचा कूप येई. तोडायला येणाऱ्या माडिया माणसांशी ते त्यांच्याच भाषेत बोलत आणि त्यांच्याच पंगतीत जेवत.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. नागपूरहून पहिल्या दिवाळीला घरी आलो तेव्हा पैकूजींच्या अंगणात गेलो. ते खाटेवरून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "या तुमी, बसा." लहानपणापासून ज्यांच्या तोंडून 'अबे' खेरीज काही ऐकलं नव्हतं, त्यांनी असं म्हटल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, भाऊ, मला तू म्हणा.

"तुले कोन तुमी म्हणून राह्यलं?" ते म्हणाले. "मी तुया पुस्तकायले म्हन्तो."

त्यानंतर चारचौघांत ते मला तुमी म्हणत आणि विसरले की तू म्हणत. मला विसरलेले पैकूजी जास्त आवडत.

त्या वेळी आम्ही मध्यप्रदेशात होतो आणि राजधानी नागपूर होती. जंगलखात्यात एक नवे तरुण साहेब आले. त्यांनी उन्हाळ्याच्या तोंडाशी सगळ्या ठेकेदारांना विश्रामगृहावर बोलावलं आणि सरळ सांगितलं, की लाचलुचपत एकट्या सरकारच्या हातून थांबणार नाही, व्यापाऱ्यांनी बरोबर यायला हवं. मी सुट्टीत घरी होतो, म्हणून पैकूजींबरोबर गेलो होतो. असं बोलणारा साहेब कोणी पाहिला नव्हता. ठेकेदार एकमेकांकडे बघू लागले. सर्वांत मोठे ठेकेदार वामनशेठ. तेच ठेकेदार मंडळाचे अध्यक्ष. ते हसून म्हणाले, "पैकूजी, तुमी काऊन मान हालवता? तुमचा कूप एवढासा. तुमाले कोन लाच मांगते?"

"एवढ्याशालेच मांगतेत, शेठ," पैकूजी म्हणाले. "मोठ्याले मांगा लागत नाई."

सगळे हसले, साहेबही हसले. वामनशेठ सर्वांत जास्त हसले.

तेव्हा चाल अशी होती. प्रत्येक ठेकेदाराचा खात्यात नोंदवलेला एक छाप असे. लोखंडी हातोड्याच्या तोंडावर तो उलटा कोरलेला, लाकडाच्या बुंध्यावर मारला की सुलटा उमटे. पैकूजींचा छाप म्हणजे वर्तुळात 'पै'. छाप नसलेलं लाकूड चोरीचं समजत. पण हातोडा ठेकेदाराच्याच हातात असल्यामुळे कूपाबाहेरचा चोरटा सागही जंगलातच छाप मारून आपला करता येई, आणि नाक्यावर तो लाच घेऊन सोडत. उलट ज्याचं लाकूड खरं असे, त्याच्याही बंड्या लाच मिळेपर्यंत अडवत. त्यामुळे खरं आणि खोटं दोन्ही लाकूड एकाच वाटेनं जाई.

साहेबांनी सुचवलं, की सगळ्या ठेकेदारांनी आपले हातोडे नाक्यावरच्या एका पेटीत ठेवावेत. पेटीला दोन कुलपं. एक किल्ली रेंजरकडे, दुसरी व्यापाऱ्यांच्या माणसाकडे. आठवड्यातून दोनदा दोघांच्या समोर पेटी उघडायची, लाकूड तपासून छाप मारायचा, आणि असा छाप असलेली बंडी कोणी अडवायची नाही, कोणी काही मागायचं नाही. व्यापाऱ्यांची किल्ली पैकूजींकडे द्यावी, असं वामनशेठनीच सुचवलं. पैकूजींचे डोळे भरून आले होते. तो मान आहे असं त्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं.

नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर बरं होतं, आणि नागरिकशास्त्राचं पुस्तक मी नुकतंच वाचून संपवलं होतं. पाचवं कलम मी माझ्या बुद्धीनं घातलं: पेटीतील हातोड्याचा गैरवापर झाल्याचे आढळल्यास व्यापाऱ्यांचा किल्लीधारक त्यास जबाबदार राहील. पैकूजींनी बोट ठेवून ते हळूहळू वाचलं आणि विचारलं, हे काऊन? मी सांगितलं, की जिथे अधिकार आहे तिथे जबाबदारी असलीच पाहिजे. त्यांना ते इतकं आवडलं की दोनदा म्हणायला लावलं. मग जीभ दातांत धरून त्यांनी सही केली. पेटीसाठी लाकूडही आपल्याच कूपातलं दिलं.

पहिला हंगाम खरोखर तसा गेला. माझे वडील पहिल्यांदा बंडी घेऊन नाक्यावर आले, तेव्हा नाकेदारानं छाप पाहिला आणि जा म्हणाला. वडिलांना ते कळेना. पुढे जाऊन त्यांनी आपणच बैल थांबवले आणि खाली उतरून उभे राहिले. कोणीतरी मागून हाक मारील याची ते वाट पाहत होते. पैकूजींनी हे ऐकलं आणि पोट धरून हसले. मग म्हणाले, "पाय तुया बापाले. सोडून देल्लं तरी जात नाई. इतक्या वरसाची सवय हाये." लाच घेणाऱ्याविषयी ते फारसं बोलत नसत. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं: "घेनाऱ्याले सारे शिव्या देतेत. देनाऱ्याच्या घरी जेवाले जातेत."

दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर साहेबांची बदली झाली. बदली कोणी करवली याविषयी लोक बोलत, मला खरं ठाऊक नाही. त्यानंतर नवा रेंजर आला. त्याच्याकडे सरकारची किल्ली होती, पण ठरलेल्या दिवशी तो येईना. कधी दौरा, कधी ताप, कधी नुसताच निरोप. पैकूजी ठरलेल्या दोन्ही दिवशी नाक्यावर जाऊन बसत. तुंबा बाजूला, किल्ली करदोट्याला बांधलेली. संध्याकाळी परत येत. त्यांच्या कूपातलं लाकूड रस्त्याकाठी रचून पडलं होतं आणि छाप नसल्यामुळे हलवता येत नव्हतं.

चमत्कारिक गोष्ट ही, की बाकीच्यांच्या बंड्या जात होत्या. त्यांच्या लाकडावर ताजे छाप होते. वैशाखात मी घरी आलो तेव्हा वडिलांनी मला समजावलं. बाकीच्या सगळ्यांनी पहिल्याच वर्षी लोहाराकडून दुसरा हातोडा करून घेतला होता. पेटीत ठेवलेला एक आणि घरी एक. सतरा ठेकेदारांत एकच हातोडा असलेला एकटा पैकूजी.

मी धावत त्यांच्याकडे गेलो. मी म्हटलं, भाऊ, तुम्हीही एक करून घ्या, पाऊस लागला की रस्ता बंद होईल, लाकूड कुजेल. मीच असं म्हणालो, हे लिहायला लाज वाटते. पैकूजी चिडले नाहीत. अंगणात बांबूची कामटी सोलत होते, ती खाली ठेवली.

"दुसरा बनवला तर पयला कुलपात कशाले ठेवला, बापू?" ते म्हणाले. "मंग ते पेटी कायची होय?"

पाऊस लागला. नाल्यांना पूर आले, रस्ता तुटला, आणि पैकूजींचं वर्षाचं लाकूड होतं तिथेच राहिलं. त्याला वाळवी लागली. तोडणाऱ्या माणसांना त्यांनी बायकोच्या अंगावरचं होतं ते मोडून मजुरी दिली. तरीही ते म्हणत, की एक हंगाम गेला तर जाऊ दे, छाप शाबूत आहे. छाप शाबूत असला की माणूस पुन्हा उभा राहतो, असं ते धरून होते.

दिवाळीच्या सुमारास चोरीच्या सागाच्या अकरा बंड्या पकडल्या गेल्या. बंड्या हाकणारे पळून गेले. प्रत्येक बुंध्यावर वर्तुळात 'पै' होतं.

चौकशी नाक्यावरच झाली. मी सुट्टीत होतो म्हणून हजर राहिलो. सगळ्यांसमोर पेटी उघडली. दोन्ही कुलपं जशीच्या तशी, पैकूजींचा हातोडा आत. मला वाटलं, संपलं, सुटले. हातोडा आत होता म्हणजे बाहेरचा छाप नकली. पण रेंजर म्हणाला, की नकली हातोडा कोणी पाहिला? हातोडा पेटीतून काढूनही मारता येतो आणि परत ठेवता येतो. मग त्यानं माझ्या अक्षरातला कागद काढला आणि पाचवं कलम मोठ्यानं वाचलं.

मी उठून उभा राहिलो. मी म्हटलं, की एका किल्लीनं पेटी उघडत नाही, दोन लागतात. रेंजर माझ्याकडे बघून हसला. रागावला नाही. कागद माझ्यापुढे धरून म्हणाला, की दुसऱ्या किल्लीधारकाचं नाव यात कुठे आहे ते दाखवा.

ते नव्हतं. मी फक्त व्यापाऱ्यांचा किल्लीधारक असं लिहिलं होतं. सरकारच्या माणसाची जबाबदारी लिहावी लागते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या पुस्तकात सरकार म्हणजे जे दुसऱ्यांना जबाबदार धरतं ते. वामनशेठ मंडळाचे अध्यक्ष म्हणून साक्षीला होते. ते हळहळले आणि म्हणाले, नियम सगळ्यांच्या संमतीनं झाले आहेत, आपण काय करणार.

पैकूजींचा छाप खात्याच्या यादीतून काढला. काळ्या यादीत नाव गेलं. त्यांच्यासमोर लोहारानं हातोड्याचं तोंड कानशीनं घासून सपाट केलं. ते त्याकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. माझी मान खाली गेली ती वर येईना. परत येताना वाटेत ते म्हणाले, "कलम चुकलं नाई तुयं. अर्धं होतं. अर्धं लिवा लागत होतं अजून." एवढंच. नंतर या विषयावर त्यांनी मला कधी छेडलं नाही, आणि कोणाजवळ माझं नावही काढलं नाही.

पुढे ते मूलच्या एका गिरणीत पोत्यांची तोंडं शिवायला बसू लागले. मला लांबून दिसत. मी कधी जवळ जाई, कधी रस्ता बदली.

राज्य बदललं, आम्ही मुंबईला जोडले गेलो, नवे साहेब आले. त्यांनीही ठेकेदारांना बोलावलं आणि तेच सांगितलं, की सरकार आणि व्यापारी एकत्र आले तरच हे थांबेल. पेटीची योजना पुन्हा सुरू करायची ठरली. वामनशेठनी नियम लिहायला मलाच सांगितलं. मी नाही म्हणायला हवं होतं. पण मला वाटलं, राहिलेलं अर्धं आता लिहिता येईल. सभेच्या आदल्या दिवशी गिरणीत जाऊन मी पैकूजींना नवं पाचवं कलम वाचून दाखवलं: दोन्ही किल्लीधारक सारखेच जबाबदार राहतील. त्यांनी हातातला दाभण पोत्यात टोचून ठेवला आणि पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाले, "आता बराबर."

दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून ते सभेला आले. शिपायानं त्यांना आत सोडलं नाही, कारण यादीत नाव नव्हतं. त्यांनी वाद घातला नाही. ओसरीवर खिडकीखालच्या बाकावर जाऊन बसले.

आत मसुदा साहेबांपुढे ठेवण्याआधी वामनशेठनी तो माझ्याकडून घेतला आणि पाचव्या कलमावर रेघ ओढली. सरकारी माणसाविषयी आपण कसं लिहायचं, असं म्हणाले आणि जुनंच कलम ठेवलं. माझ्या वडिलांच्या बंड्या तेव्हा वामनशेठच्या कूपात होत्या. मी नव्यानं कागद केला. वाचताना पाचवं कलम मी भरभर वाचलं. साहेबांनी विचारलं, मंजूर आहे का? सगळ्यांचे हात वर गेले. ते मोजून लिहायचे होते म्हणून मी मान वर केली, तर खिडकीतून बाहेरचा एक हात वर आलेला दिसला. पोती शिवून बोटं सोललेला. मी आतले सोळा लिहिले.

त्याच उन्हाळ्यात पैकूजी गेले. मी परीक्षेला नागपुरात होतो, मला आठ दिवसांनी कळलं. आमची शेवटची भेट ती सभेनंतर ओसरीवर झाली तीच. सगळे चहाला गेले होते. ते बाकावरून उठले आणि मला म्हणाले, "भायेर आवाज नीट येत नोयता. दोघायचं नाव आलं ना, बापू?"

"आलं, भाऊ," मी म्हटलं.