इस्त्री केलेले जाकीट

१४ नोव्हेंबर. मृत: एक.

मृत माणूस रस्त्यावर पांढरे पट्टे आखण्याच्या कामावर होता. काम आटोपून, दारू पिऊन, अंगातले चमकत्या पट्ट्यांचे कामाचे जाकीट न काढताच तो पायी घरी निघाला आणि दिवा बंद असलेल्या खांबाजवळ मोटारीखाली आला. चालक प्यालेला नव्हता. माणूस दिसलाच नाही, असे त्याने सांगितले.

मृताची बायको इस्त्रीवाली. जिन्याखालच्या खोलीत तिने उभा जन्म परक्यांचे कपडे कडक केले. आपल्या घरचा माणूस चुरगळलेला बाहेर पडू नये, एवढाच तिचा हट्ट. दर रविवारी त्या जाकिटावरही ती पाणी शिंपडून, दाबून इस्त्री फिरवी. गळ्यामागे शिवलेली सूचनांची चिठ्ठी त्याला टोचे, म्हणून ती तिने न वाचताच कापून टाकली होती.

"घडी बघून गाडीवाले सलाम ठोकतात," तो म्हणायचा.

"ठोकू देत. तुम्ही सरळ चालत या, म्हणजे मिळवलं."

भरपाईच्या दाव्यात चालकाच्या वकिलाने दारूवर बोट ठेवले. त्याच कामावर असलेला दीर म्हणाला, "वहिनी, घाबरू नका. दादाच्या अंगात जाकीट होतं. ते पट्टे लांबूनही चमकतात." खात्री पटवायला त्याने खोलीचे दार लावले, स्वतःचे जाकीट दादाच्या जाकिटाशेजारी टांगले आणि बॅटरी मारली. त्याचे मळके पट्टे पेटल्यासारखे उजळले. तिने जपलेले पट्टे राखेसारखे राहिले.

"तुमचं कसं चमकतं, भाऊजी?"

"माझ्या जाकिटाला कोण इस्त्री करतंय," तो सवयीने थट्टेत बोलला आणि त्याची नजर आपल्या जाकिटाच्या गळ्यामागच्या चिठ्ठीवर गेली: 'इस्त्री करू नये.' मग हलकेच म्हणाला, "दादा प्यायला होता. खांब बंद होता. तुम्ही इस्त्रीचं नाव काढू नका."

"मग ते नेमके कशानं गेले?"

मरणाला कारण एकच असावे, ही सोय सरकारी दप्तराची. तिच्यापाशी तीन कारणे होती आणि तिसऱ्यात तिचा स्वतःचा हात होता.

सुनावणीत तिने जाकीट टेबलावर ठेवले आणि दारू, खांब, इस्त्री सगळे एका दमात सांगून टाकले.

"बाई, तुमचं म्हणणं तरी काय? दोष कुणाचा?" अधिकाऱ्याने विचारले.

तिने जाकिटाची घडी मोडली, पुन्हा घातली. "ते इथं कळेल असं वाटलं होतं," ती म्हणाली.

खांबावरचा दिवा आता लागतो. भरपाई अद्याप दिलेली नाही.