कडकबाईंच्या चाळीस चादरी

पाऊस आला की लोक कामं टाकून बघायला बाहेर येत, इतकं ते गाव कोरडं. दोरीवर चादर टाकून चहा पिऊन यावं, तोवर ती वाळलेली असे. कडकबाईंनी सूतिकागृहाच्या चादरी तीस वर्षं अशाच धुतल्या. इस्त्री कडक आणि बोलणं त्याहून कडक, म्हणून हे नाव चिकटलं.

त्या वर्षी मात्र पावसाने मुक्कामच ठोकला. नऊ दिवस सूर्य दिसला नाही. बाईंनी ओल्या चादरी इस्त्रीनेच कशाबशा वाळवून धाडल्या, तर कपाटात ठेवताच त्यांना कुबट वास सुटला. मोठ्या सिस्टर गठ्ठा घेऊन स्वतः दारात आल्या.

"मावशी, बाळंतिणीच्या अंगाखाली हे घालू? माझ्याकडे उद्या दुपारपुरत्याच चादरी उरल्यात. चारपर्यंत चाळीस कोरड्या आल्या नाहीत, तर शहरातल्या मशीनवाल्यांना काम द्यावं लागेल. आणि एकदा दिलं की ते त्यांचंच."

सिस्टर गेल्या. खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "अख्ख्या गावात ऊब आहे ती एका बेकरीत. जा तिकडे."

"त्या काजळीवाल्याकडे? मी?"

"नाहीतर मी जाते. मला उचलून ने."

अकरा वर्षांपूर्वी बेकरीच्या धुराड्यातली काजळी धुतलेल्या चादरींवर पडली होती. तेव्हा बाईंनी पाववाल्याची भर रस्त्यात बिनपाण्याने केली होती. तेव्हापासून बोलणं बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी पाव भट्टीतून निघाले आणि बाई ओल्या गठ्ठ्यासकट दारात उभ्या राहिल्या.

"या वहिनी! अकरा वर्षांनी पावाची आठवण झाली?"

"पाव नको, भावजी. भट्टीमागची खोली हवी. चारपर्यंत."

"तिथे माझे टोस्ट वाळतात."

"वाळतात?"

पाववाल्याने मान खाली घातली. "सगळे सादळलेत. काय करावं कळत नाही." मग हळूच म्हणाला, "आणि चादरींना काजळी लागली तर?"

"लागली तर माझं तोंड तुम्हाला माहीत आहे."

टोस्टचे ट्रे बाहेर निघाले, दोऱ्या बांधल्या गेल्या. भट्टीची भिंत हात ठेववत नाही इतकी तापलेली. पण बारा वाजता बाई आत गेल्या तर चादरी तशाच गिळगिळीत. तीस वर्षांचं काम आता चार तासांवर आलं होतं. त्यांनी पलीकडच्या गार भिंतीला हात टेकला, तर बोटांवरून पाणी ओघळलं.

"भावजी! या खिडक्या-झडपा बंद का?"

"पाऊस लागल्यापासून बंद आहेत. बाहेरची ओल आत यायला नको."

"ओल आतच कोंडलीय! म्हणून तुमचे टोस्ट मऊ पडले. सगळ्या गावाला वाटतं, कापड उन्हाने वाळतं. अहो, ऊन नुसतं तापवतं, ओल घेऊन जातो तो वारा. ती छताजवळची झडप उघडा!"

झडप नऊ दिवसांत फुगून बसली होती. पाववाल्याने लाटण्याचे चार तडाखे दिले तेव्हा ती हलली. बाईंनी खालचं दार किलकिलं करून फटीत वीट सरकवली. वाफ वर झेपावली आणि खोलीने श्वास सोडावा तशी बाहेर पडली. दोरीवरची पहिली चादर हलली. मग दुसरी. बाई दर दहा मिनिटांनी आत जात, चादरी उलटवत, घामाने स्वतः भिजत. तीन वाजता पहिली चादर झटकली, तर ती अशी फडाडली की पाववाला दचकला.

"हा आवाज!" बाई म्हणाल्या. "नऊ दिवस कान याच्यासाठी आसुसले होते."

चारला पाच कमी असताना ताडपत्रीखालची हातगाडी सूतिकागृहात शिरली. मोठ्या सिस्टरांनी सगळ्यात खालची चादर ओढून काढली, गालाला लावली, हुंगली.

"मावशी, हिला ताज्या पावाचा वास येतोय."

"बाळंतिणींना भूक लागेल. लागू दे की."

सिस्टर हसल्या. "मशीनवाल्यांना येऊ नका म्हणून कळवते. उद्याही चाळीस?"

"पंचेचाळीस द्या," कडकबाई म्हणाल्या. "दोरीवर जागा आहे."

परतताना बेकरीच्या दारात पाववाला, चादरी निघताच खोलीत पुन्हा वाळवलेला टोस्ट चावत उभा होता. कुर्रर्र आवाज रस्त्यापर्यंत आला.

"वहिनी, भांडण मिटलं म्हणायचं का?"

"पाऊस थांबेपर्यंत," बाईंनी गाडी न थांबवता सांगितलं. "धुराड्याला जाळी बसवलीत, तर पुढचं बघू."